कुलपातला चहा

सहादेव गमरेच्या घरात चहाचे एकवीस डबे आहेत, आणि चहापत्ती मात्र लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. त्याची बायको संध्या हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून दाखवते. "बघा," म्हणते, "साहेबांचे डबे कपाटात, आमची बरणी ओट्यावर. मांडव वाड्यात आणि नवरा गोठ्यात."

भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरची वन रूम किचन. लिफ्ट नाही. आत शिरलं की लोकांच्या घरात टीव्ही असतो त्या भिंतीला इथे काचेचं कपाट, आणि टीव्ही बिचारा फ्रिजवर. कपाटात विलायतचे डबे. एक शिसवीचा, दोन कासवाच्या पाठीने मढवलेले, एक तर पिकलेल्या नासपतीच्या आकाराचा, लाकडी. प्रत्येकाला कुलूप. खालच्या कप्प्यात मखमलीच्या तुकड्यावर नऊ चमचे, आखूड दांड्याचे, चांदीचे. एकाचा आकार पानाचा, एकाचा टोपीचा, एक तर इवलासा हातच आहे, पाची बोटं जुळवलेला.

दोनशे वर्षांपूर्वी तिकडे चहा इतका महाग होता की घरची बाई तो कुलपात ठेवायची, किल्ली कमरेला अडकवायची. अशा डब्याला तिकडे कॅडी म्हणतात, आणि त्यातून पत्ती मोजून काढायला हा खास चमचा. सहादेव हे समजावून सांगतो, पण ऐकतो कोण? सोसायटीच्या सेक्रेटरीला अजून वाटतं की गमरे तरुणपणी गोल्फच्या मैदानावर काठ्या वाहणारे कॅडी होते.

कोणी विचारलं, बाबा रे, हे काय खूळ, तर त्याचं उत्तर ठरलेलं. "स्टीलच्या गाळ्यात चाळीसेक वर्षं काढली. धातूचा माणूस आहे, धातूत रमतो." हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं त्याने संध्यालासुद्धा लग्नानंतर अकरा वर्षांनी सांगितलं.

सत्तावन्न वर्षांपूर्वी त्याची आई वैजयंता माझगावात एका परदेशी कंपनीच्या मॅनेजरकडे भांडी-फरशीला होती. नवरा गोदीत हमाल, अर्धं वर्ष तापाने अंथरुणावर. पोर एक, सहादेव, सात वर्षांचं. त्या घरात रोज दुपारी चारला हॉलंडबाई कमरेची किल्ली काढायच्या, डबा उघडायच्या, शिंपल्याच्या आकाराच्या चांदीच्या चमच्याने पत्ती मोजायच्या आणि पुन्हा कुलूप लावायच्या. चमचा धुऊन तबकात ठेवणं हे वैजयंताचं काम. एका सोमवारी तबकात चमचा नव्हता.

पोलीस आले नाहीत, कोणी अंगावर हात टाकला नाही. हॉलंडबाई एवढंच म्हणाल्या, "वैजा, उद्यापासून येऊ नको." आणि मग आवारातल्या बाकी पाच घरांची बेल वाजवून आल्या. झालं. माणूस आडवा करायला काठीच लागते असं थोडंच आहे! माझगावात वैजयंताला दारात कोणी उभं करेना. त्याच वर्षी नवरा गेला. कोकणातली एक ओळखीची बाई भाईंदरच्या मिठागरात कामाला होती, तिच्या मागोमाग ती पोराला घेऊन इकडे आली आणि पुढची वीस वर्षं डोक्यावरून मीठ वाहिलं. पण बातमी तिच्याआधी पोचली होती. मिठागराशेजारच्या झोपड्यांतली पोरं सहादेवला हाक मारायची, "ए चमचाचोर!"

मोठेपणी गाळ्यात कोणी कोणाला चमचा म्हटलं की बाकीच्यांना शेठच्या मागेपुढे करणारा लाळघोट्या आठवायचा. सहादेवला आई आठवायची.

तर गाळा. चौदाव्या वर्षी तो भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात लागला, पॉलिशच्या चाकावर. संध्याकाळी बाहेर पडला की दात आणि डोळे एवढंच पांढरं. पण हात असा बसला की बाकीचे कारागीर आपला माल टाकून बघायला यायचे. त्याचे उस्ताद म्हणायचे, थाळीत बघून मिशी कापता आली तर पॉलिश, नाहीतर नुसती घासाघीस. ओरखडा दिसला की काढायचा. हेच शिक्षण, हीच डिग्री.

चोविसाव्या वर्षी एका भंगारवाल्याने पोत्यातून काढून एक चमचा त्याच्या हातावर ठेवला. कोळशासारखा काळा, आखूड, शिंपल्याच्या आकाराचा. "ले जा, घर में काम आएगा." सहादेवने तो चाकावर धरला. दोन मिनिटं. असा लखलखला की त्यात वरच्या पंख्याची तीन पाती मोजून घ्यावीत. ऐटीत घरी नेला, आईच्या हातात दिला.

वैजयंताने चमचा उलटा केला. दांड्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हितं शिडी नाय," ती म्हणाली.

"कसली शिडी?"

"बाईच्या चमच्यावर शिडी व्हती कोरल्याली. एका पायरीची." आणि मुलाचा चेहरा बघून लगेच म्हणाली, "ह्यो तो नसंल. चांगला हाय. ऱ्हाऊ दे."

सहादेवला आठवलं. त्या काळ्या थराखाली काहीतरी होतं. दांड्यावरच होतं. त्याला ते ओरखडे वाटले, आणि ओरखडा दिसला की काढायचा. शिडी होती की नुसताच ओरखडा, हे आता कोणाचा बापही सांगू शकत नव्हता. चाकाच्या कापडात चांदीची भुकटी होऊन बसली होती ती.

तो चमचा त्याने कपाटात कधी ठेवला नाही. तो ओट्यावरच्या बरणीत असतो, चहाच्या पत्तीत खुपसलेला. आणि त्या दिवसापासून सहादेव शिडी शोधतोय.

एका पायरीची शिडी म्हणजे इंग्रजीतला एच, हॉलंडचा एच, हे त्याला एका हॉटेलच्या पाटीवरून कळलं. मग काय, हॉटेल, हॉस्पिटल, हेअर कटिंग, सगळ्या गावात शिड्याच शिड्या! शाळा चौथीपर्यंतची, पण चांदीवरचे शिक्के वाचता यावेत म्हणून पठ्ठ्या सव्वीस अक्षरं शिकला. घड्याळजीकडून भिंग आणलं. चालता सिंह असला तर चांदी खरी, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. त्या बर्मिंगहॅमला समुद्र नाही, तरी नांगर! पैशाने हा शौक झेपणारा नव्हता. त्याच्याकडे हात होते. रविवारी जुन्या सामानवाल्यांच्या पितळी समया, नळ्या, मूर्ती फुकट चमकवून द्यायच्या, आणि बदल्यात त्यांच्याकडे धूळ खात पडलेला एखादा डबा उचलायचा. मात्र स्वतःच्या एकाही डब्याला, एकाही चमच्याला त्याने पुन्हा चाक लावलं नाही. अख्खा जन्म चकाकी काढली त्या माणसाच्या कपाटातली चांदी काळी आहे, आणि ती तशीच राहणार. संध्या एकदा दिवाळीच्या साफसफाईत चिंच घेऊन बसली होती, तर घरात युद्ध व्हायचं बाकी राहिलं.

हे सगळं आईशी मात्र त्यानंतर कधी बोलणं झालं नाही. ती शहाऐंशीची झाली. दिसतं अंधुक, ऐकू येतं नको तेवढं. खिडकीपाशी बसून सुक्या जवळ्यातला कचरा बोटांनी वेचते आणि गल्लीतल्या प्रत्येकाची खबर ठेवते. मुलाच्या डब्यांबद्दल तिचं एकच मत. "कुनाला दारू आसते, कुनाला पत्ते. माज्या लेकाला खोकी."

आणि मग, ह्या फेब्रुवारीत, जितूभाईचा फोन आला.

जितूभाईचं जुन्या सामानाचं दुकान स्टेशनकडे जाताना लागतं. माणूस तोंडाने फाटका पण सहादेवला मानणारा. "सहादेवभाय, बेव्हर्ली पार्कला एक फ्लॅट खाली झाला. सगळा सामान मीच उचलला. तुमच्यासाठी एक खोका बाजूला ठेवलाय. पण एक नंबरचा नाही हां, त्याचा एक पाय नकली आहे."

"नकली म्हणजे?"

"अरे तीन पाय पितळचे गोल गोल, आणि चौथा लकडीचा. दोऱ्याचा रीळ ठोकलाय कुणीतरी गधड्याने!"

सहादेवने फोन ठेवला नाही, तो त्याच्या हातातून खाली आला. लहानपणी आईने सांगितलेल्या माझगावच्या गोष्टींत एक गोष्ट होती. पुसताना डबा पडला, पाय तुटला, बाईला कळायच्या आत तिने आपल्या शिवणाच्या डब्यातला लाकडी रीळ काढून दिला आणि बटलरने तो तिथे ठोकला.

रिक्षासुद्धा न करता तो चालत गेला. दुकानात डबा काउंटरवर होता. शिसवीचा, हातभर नाही, वीतभर. झाकणावर रुपयाएवढी चांदीची चकती, काळी ठिक्कर. सहादेवने खिशातून रुमालही काढला नाही. वाकला आणि चकतीवर तोंडाची वाफ सोडली. थंड धातूवर वाफ बसली की कोरलेलं वर येतं. चाक फिरवणाऱ्यांची ही जुनी युक्ती, आधी खड्डे बघायचे, मग घासायचं.

वाफ बसली. दोन उभ्या रेघा, मध्ये एक आडवी. शिडी. वाफ उडाली, शिडी गेली. त्याने पुन्हा वाफ सोडली.

"काय करता काय, मुका घेताय का त्याचा?" जितूभाई हसला.

"कोणाचा होता हा?"

"फ्लॅटवाल्याच्या बापाचा. हरिश्चंद्र म्हणून कोणी होता, माझगावात गोऱ्या साहेबाचा बटलर. साहेब विलायतला परत गेला तेव्हा नोकरांना सामान वाटून गेला. किल्ली नाही बरं का. आणि आत काहीतरी आहे. ऐका." जितूभाईने डबा कानाशी धरून हलवला.

खुळ्. खुळ्.

सहादेवने डबा त्याच्या हातातून असा घेतला, जसं तान्हं मूल पडतंय.

घरी आणला तो वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि पलंगाखाली सारला. दोन दिवस डबा तिथेच. आई जेवायला बसली की तो पाणी आणायच्या निमित्ताने उठायचा. तिसऱ्या दिवशी संध्याने केर काढताना पाहिला. रीळ पाहिला, चकती पाहिली, आणि केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली.

"हा तो?"

"हळू बोल."

"आयेला सांगितलं नाही?"

"उघडल्यावर सांगतो."

"अहो, तिचा आहे ना तो? म्हणजे तिच्या नशिबातला. आधी तिला सांगा."

"उघडल्यावर म्हटलं ना!" तो एवढ्या जोरात ओरडला की खिडकीतून आवाज आला, "काय उघडतोस रं?"

"काही नाही आये. डब्बा."

"म्हंजी रोजचंच," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा जवळ्याकडे वळली.

कुलूप उघडायला सहादेवने राई गावच्या काशीनाथला बोलावलं. काशीनाथ पूर्वी त्याच गाळ्यात शेजारच्या चाकावर होता, आता किल्ल्या बनवतो आणि सुतारकामही करतो. आगरी गडी, तोंडाला कुलूप नाही. शनिवारी दुपारी चारच्या सुमारास पिशवी घेऊन हजर.

"जल्ला, कवरा लहान कुलूप हाय! सहादेव, आत काय हाय, राणीचा हार हाय कं काय?"

सहादेवने त्याला खूण केली, पण खुणा कळणाऱ्यांतला तो नव्हे. आणि वैजयंता खिडकीतून उठून, भिंतीला हात लावत लावत, येऊन चटईवर बसलीसुद्धा.

"कसला डबा हाय? बगू." तिने डबा पुढे ओढला. झाकणावरून हात फिरवला, कडेवरून, खाली पायांवर. एक पाय. दुसरा. तिसरा. चौथ्या पायाशी बोटं थांबली. तिने रीळ अंगठ्याने गोल फिरवून पाहिला.

संध्या स्वयंपाकघराच्या दारात. काशीनाथच्या हातात बारीक आकडा.

"ह्यो माजा रीळ हाय," वैजयंता म्हणाली. "लाल दोरा व्हता ह्येच्यावर."

"हो आये."

"कदी आनलास?"

"मंगळवारी."

"आज सनवार."

सहादेवने मान खाली घातली. मग एका दमात सगळं बोलून टाकलं, जितूभाई, बेव्हर्ली पार्क, बटलर, शिडी. "आणि आये, आत काहीतरी वाजतंय. ऐक. चमचा असेल आत. बाईंच्याच हातून आत पडून कप्प्यामागे सरकला असेल, त्यांना दिसला नसेल. घाईत असं होतं. काशा, उघड."

"थांब," वैजयंता म्हणाली. काशीनाथचा हात थांबला. "आत घावला, तर काय करशील?"

"जगाला सांगेन!"

"कुटल्या जगाला? बाई मेली. मिठागर बुजलं. मला चोर म्हननारी येक बी जित्ती नाय. ह्या काशीनाथला सांगशील? त्याला तर आताच कळलं मी चोर व्हते ती."

"न्हाय गं आये, मी काय आयकला न्हाय," काशीनाथ घाईने म्हणाला.

"आनि नाय घावला, तर?"

सहादेव रुमालाने डब्याची कड पुसू लागला.

"नाय घावला तर काय, सहदेवा?" ती त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारत होती. "मला म्हाईत हाय मी नाय घेतला. मला डबा उगडून बगायची गरज नाय. मग कुनाला हाय? चाळीस वरसं मी समजत्ये, माज्या लेकाला खोकी आवडतात. तू चमचा सोधत व्हतास व्हय?"

"तुझ्यासाठीच, आये!"

"मी कदी म्हनाले, सोध?"

चाकावर काम करणाऱ्याला ठिणग्यांची सवय असते. चेहरा फिरवायचा, डोळे मिटायचे. सहादेवला कुठे फिरवावा चेहरा कळेना. तो चौसष्ट वर्षांचा बाप्या, आईसमोर मांडी घालून बसला होता.

"आये, एक सांगू?" तो म्हणाला. "इथे आलो तेव्हा पोरं मला चमचाचोर म्हणायची. एक दिवस तू मिठावर गेली होतीस. मी तुझी पत्र्याची पेटी उघडली. सगळं बाहेर काढलं, सगळं बघितलं. मग परत ठेवलं. मला वाटलं होतं की असेल."

संध्याने पदर तोंडाला लावला. काशीनाथ आपल्या पिशवीत नसलेलं काहीतरी शोधू लागला.

वैजयंता हसली. दात नव्हते, हसू सगळं हिरड्यांचं.

"म्हाईत हाय मला."

"काय?"

"लुगड्याची घडी उलटी घातली व्हतीस. काठ आत. मी सांजच्याला पेटी उगडली, नि कळलं. तुला काय म्हननार? सात वरसाचं पोर. मला बी वाटलं, बगितलं तं बगितलं, आता याचं मन साफ झालं." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मीठ वाहून वाहून त्या तळव्याची चामडी शिंपल्यासारखी टणक झाली होती, ती इतक्या वर्षांनीही मऊ झाली नव्हती. "नव्हतं झालं व्हय रं?"

"नव्हतं," सहादेव म्हणाला. एवढंच.

मग म्हातारीनेच डबा काशीनाथकडे सरकवला. "उगड रं बाबा. च्याची येळ टळत्ये."

काशीनाथने आकडा घातला, जीभ दातांत धरली, मनगट जरासं वळवलं. कुलूप बोटाएवढं, आवाज मुंगीएवढा. झाकण वर आलं.

आत दोन कप्पे, प्रत्येकावर एक लहान झाकण. त्यातल्या एका झाकणाची हाडाची मूठ तुटून पडली होती. गोल, पांढरी, वाटाण्याएवढी. तीच खुळखुळत होती. चमचा नव्हता.

सहादेवने दुसऱ्या कप्प्यात बोट घातलं. तळाशी काळी भुकटी. बस्स.

त्याच्या आत काहीतरी भडकलं, त्याचा स्वभावच तो. "म्हणजे त्या बटलरनेच! हरिश्चंद्र म्हणे! नाव बघा, आणि काम बघा. डबा त्याच्याच घरात, चमचा पण त्यानेच—"

"ए!" वैजयंताचा आवाज असा चढला की काशीनाथ दचकला. "त्यानं माज्या हातनं तुटल्याला पाय झाकला व्हता. बाईला सांगितलं नाय, सोता बसून रीळ ठोकला. त्याला का चोर करतोस? तुला कुनी ना कुनी चोर पायजेलच का?"

सहादेवने ती हाडाची मूठ परत कप्प्यात ठेवली.

वैजयंताने डबा नाकाशी नेला. डोळे मिटले. खूप वेळ ती तशीच हुंगत राहिली. सत्तावन्न वर्षांत चहाला वास तो काय उरणार! पण तिला लागला. कारण ती हळूच म्हणाली, "ह्योच."

आणि मग, "सहदेवा, तू मला येक सांगितलंस. आता मी तुला येक सांगत्ये. चमचा मी घेतला नाय." तिने दोन बोटं आणि अंगठा जुळवून दाखवला. "च्या घेतला व्हता."

"काय?"

"चिमटीभर. बाई फोनवर गेली, डबा उगडाच ऱ्हायला. तुज्या बाला ताप व्हता, तोंडाला चव नव्हती. मला म्हनाला व्हता, वैजे, साहेबाचा च्या कसा लागतो गं? मी पदराच्या टोकाला गाठ मारून आनला. येकदाच. बाई वाईट नव्हती रं. गावाला आमाला च्या वरून वतायचे, करवंटीत. हिनं कप दिल्ता हातात. कप दिला, पन कुलूप लावलं. त्यो चमचा हरवला नि ती माज्याकडं बगत व्हती, तवा मी मान खाली घातली. चमच्यासाटी नाय. त्या चिमटीसाटी. मान वर आसती, तर कदाचित तिनं मानलं बी आसतं."

संध्या दारातून पुढे आली आणि सासूजवळ बसली. काशीनाथने हातातला आकडा खाली ठेवला.

"बाबाला आवडला का?" सहादेवने विचारलं. वडिलांबद्दल त्याने गेल्या पन्नास वर्षांत काही विचारलं नव्हतं.

"कुटला! म्हनाला, ह्या पानचट पान्यापाई साहेब कुलूप लावतो? तुजा बरा."

आधी काशीनाथ फिसकन हसला. मग संध्या. मग सहादेव हसला आणि हसता हसता त्याने बाहीने डोळे पुसले, आणि म्हातारी तर असली हसली की तिला ठसका लागला.

"आता ह्यात च्या भर," तिने हुकूम सोडला. "लोनच्याची बरनी पुरे झाली. नि ते कुलूप काडून टाक."

सहादेवचा हात आपोआप डब्यावर गेला. "आये, कुलूप काढायचं नसतं. तेच तर सगळं असतं त्यात. मूळचं कुलूप, मूळचे स्क्रू, दोनशे वर्षांचं..." त्याने आईकडे पाहिलं. जवळा वेचणारी बोटं मांडीवर स्वस्थ होती.

चाळीस वर्षांत त्याने कुठल्याही डब्याचा एक खिळाही हलवला नव्हता.

"काशा," तो म्हणाला, "तो बारका पेचकस दे."

चार स्क्रू होते. गंजलेले, पण त्याच्या हाताला गंजाची सवय. पितळी कुलूप निघून तळव्यावर आलं. डब्याच्या तोंडाशी एक लहानशी खाच उरली, बस. काशीनाथ म्हणाला, "मना दे, माज्या कामास येल," आणि सहादेवने ते त्याच्या पिशवीत टाकून दिलं.

संध्याने आधण ठेवलं, ओट्यावरची बरणी आणली आणि डब्याशेजारी ठेवली. बरणीतला तो लखलखीत चमचा वैजयंताने बाहेर काढला. सवयीने अंगठा दांड्याच्या पाठीवरून फिरवला. गुळगुळीत. काशीनाथ डोकावून म्हणाला, "आये, ही त आमच्या खाडीची शिंपी हाय!"

"शिंपीच हाय."

"तोच असेल का गं आये?" सहादेवने विचारलं. चाळीस वर्षं हा प्रश्न त्याच्या घशात होता.

"आसंल. नसंल." तिने चमचा पत्तीत घातला. "पत्ती बरी येते ह्यात."

ती भरत राहिली. एक चमचा, दोन, तीन, शिगोशीग, चटईवर सांडत. मोजत कोणी नव्हतं. मग आधण उकळल्याचा आवाज आला तसा तिने डब्यातलेच चार भरभरून चमचे संध्याच्या हातातल्या वाटीत घातले, आणि थांबून पाचवा.

"आये," संध्या म्हणाली, "कडू होईल हो. पत्ती जास्त झाली."

"होऊ दे. कुलूप कुटं हाय आता?"